भिंतीपलीकडचे खाँसाहेब

2009 च्या सप्टेंबरात मी मिरजेत फुफीच्या घरी अडकून पडलो होतो. स्वागत कमानीवरच्या एका चित्रावरून दंगल पेटली होती आणि गावात संचारबंदी लागली होती. त्या वर्षी गणपती आणि रमजान एकाच वेळी आले होते, म्हणजे एरवी रात्रभर जागं राहणारं गाव. पण संध्याकाळ झाली की सगळं चिडीचूप. इफ्तारीला खजूर होते, दूध मिळेल याची खात्री नव्हती. पोलिसांच्या गाडीचा भोंगा, कुत्री आणि मशिदीतली अजान, एवढेच आवाज.

फुफीच्या घराची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. तिथे एक निवृत्त शिक्षक राहत. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. या दोन घरांचा वीस-पंचवीस वर्षांचा शेजार. ईदला शीरखुर्म्याचा डबा तिकडे जायचा, दिवाळीला चकल्या इकडे यायच्या. पण त्या आठवड्यात दोन्ही दारं बंद होती. भांडण काही नव्हतं. एकमेकांना काय बोलावं हे कुणाला सुचत नव्हतं इतकंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून एक आवाज यायला लागला. बारीक, थोडा नाकातला, ताणलेला. मला आधी वाटलं, कुणी म्हातारी रडते आहे. त्या दिवसांत तसंच वाटायचं. मग लक्षात आलं की रडणं इतक्या सुरात नसतं. भिंतीला टेकून ऐकत बसलो. फुफी स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "रोजे में गाना सुनता क्या रे?" मी उठलो, पण ती आत गेल्यावर परत जाऊन बसलो.

संध्याकाळी गच्चीवर गुरुजी दिसले. मी विचारलं, "गुरुजी, दुपारी काय लावलं होतं?"

"अब्दुल करीम खाँ," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "अरे, दर्ग्यात झोपलेत ते. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. आणि मी त्या दर्ग्यात चालता येत नव्हतं तेव्हापासून जात होतो. दादीचा नवस असायचा. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात आम्ही दरवर्षी तिच्याबरोबर मिरजेला यायचो. पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो हे मला माहीत होतं, पाळणे कुठे लागतात ते माहीत होतं, रेवड्या कुठे चांगल्या मिळतात तेही माहीत होतं. आवारात एका गवयाची कबर आहे आणि उरुसात त्याच्या नावानं गाण्याची बैठक होते, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी सांगितलं नव्हतं. बैठक सुरू होईपर्यंत आम्ही परतीच्या एसटीत असायचो.

हा दोष दादीचा नाही. आमच्या घरात गाणं हळूहळू बंद झालं होतं. दादांचं तालुक्याच्या गावी चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलात फोनो होता. गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून ते तबकड्या लावत. अब्बांच्या पिढीत घरात दीनची समज वाढली, असं अब्बा म्हणतात. मी त्यावर वाद घालत नाही, त्या समजेतून घरातली दारूही गेली. पण फोनोही गेला आणि तबकड्या भंगारवाल्याकडे गेल्या. त्यात काय काय होतं हे आता सांगणारं कुणी नाही. तेव्हा मिरजेतली ती दुपार माझ्यासाठी जुन्या गाण्याशी पहिली ओळख होती आणि वय होतं सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी गच्चीवरून मला कॅसेट दिली. खरं सांगायचं तर नीट कान देऊन ऐकल्यावर निराशा झाली. भिंतीतून ऐकताना जे गूढ वाटलं होतं ते हेडफोनमधून खरखरीसकट समोर आलं. तबला डब्यात वाजवल्यासारखा. पेटी चिरकी. आणि गाणं सुरू झालं, रंगायला लागलं की संपलं. प्रत्येक तुकडा तीन-सव्वातीन मिनिटांचा. मला वाटलं, हीच का ती थोर कला? पुढे बराच वाचनाचा खटाटोप केला तेव्हा कळलं की मी गाण्याला नावं ठेवत होतो आणि त्यातला अर्धा गुन्हा यंत्राचा होता.

तबकडीचा इतिहास थोडा सांगायला हवा. भारतात ग्रामोफोन कंपनीचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं 1902 च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. कंपनीनं फ्रेड गाइसबर्ग नावाचा तंत्रज्ञ पाठवला होता. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असे. गाणाऱ्यानं त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं. आवाजाच्या नुसत्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चर कोरला जायचा. तो मेणाचा साचा बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायचा आणि तिथे लाखेच्या तबकड्या छापून परत यायच्या. लाख बहुतेक आपल्याकडचीच. 1908 साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा कुठे ही वारी थांबली. त्या काळच्या बऱ्याच तबकड्यांवर गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव मोठ्यानं सांगते, गौहर जान तर चक्क इंग्रजीत. हॅनोव्हरच्या कारखान्यात कुठली तबकडी कुणाची हे जर्मन कामगाराला कसं कळणार? त्याच्या सोयीसाठी ती पद्धत पडली असं मानतात. गाणाऱ्या बाईला मात्र त्यामुळे एक गोष्ट मिळाली. तिचं नाव तिच्याच आवाजात उरलं.

कर्ण्याला सगळे सूर सारखे ऐकू येत नसत. साधारण 250 ते 2500 हर्ट्झ एवढीच त्याची पट्टी. म्हणजे खर्ज जवळजवळ गायब, आणि आवाजाला जी हवा असते, झळाळी असते, तीही गायब. तंबोरा तर ऐकूच यायचा नाही. मिरजेसारख्या तंबोऱ्याच्या गावानं याची खंत करावी अशी गोष्ट आहे. 1925 नंतर विजेचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, तेव्हा आवाजात अंग आलं. त्यातही वेगाची भानगड होतीच. आपण सरसकट '78 ची तबकडी' म्हणतो, पण सुरुवातीच्या तबकड्या बरोबर 78 फेऱ्यांनीच कोरलेल्या असतील असं नाही. 72 फेऱ्यांवर कोरलेली तबकडी 78 वर लावली तर सगळं गाणं एका अर्धस्वराहूनही जास्त चढतं. गवई बारीक आवाजाचा वाटतो, तान घाईची वाटते. आपण म्हणतो, काय हो ही जुनी माणसं उंच गायची.

आता खाँसाहेबांकडे येतो.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 1872 चा, कैरान्याचा. हे गाव पूर्वी उत्तर प्रदेशच्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात होतं, आता शामली जिल्ह्यात आहे. किराणा घराणं म्हणतात ते या गावावरून. मराठी माणसाला 'किराणा' म्हटलं की आधी वाण्याचं दुकान आठवतं, माझंही तसंच झालं होतं. 2013 च्या मुजफ्फरनगर दंगलीतली उखडलेली माणसं कैरान्याच्या आसपास येऊन वसली आणि 2016 मध्ये हे नाव पुन्हा देशभर गाजलं ते 'पलायना'च्या बातम्यांनी. त्या चर्चांमध्ये टीव्हीवर गाण्याचा शब्द कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

घर सारंगीवाल्यांचं आणि बीनकारांचं. तरुण वयात ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात आले. तिथे ताराबाई माने या राजघराण्याच्या नात्यातल्या मुलीशी त्यांचं जमलं आणि दोघांनी बडोदं सोडलं. गवई मुसलमान, मुलगी मराठा सरदाराची, काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. आज यावर काय झालं असतं, कुठल्या नावाचा जिहाद झाला असता, हे वेगळं सांगायला नको. त्यांचं आयुष्य मग मुंबई, मिरज, पुणे, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात गेलं. मिरजेत प्लेगातून ते वाचले ते मीरासाहेबांच्या कृपेनं, अशी त्यांची श्रद्धा होती. दर्ग्यात ते हजेरी म्हणून गात.

मिरजच का, याला श्रद्धेशिवाय आणखीही कारणं आहेत. हे रेल्वेचं जंक्शन. मुंबई-पुण्याहून धारवाड-म्हैसूरकडे जाणारा कलावंत इथून जायचा. पटवर्धनांचं संस्थान, गाण्याला आश्रय. पलीकडे सांगली, कुरुंदवाड, इचलकरंजी, कोल्हापूर, सगळी एका दिवसाच्या टप्प्यातली संस्थानं. बालगंधर्वांचं रंगभूमीवरचं पदार्पणही याच गावातलं. आणि शनिवार पेठेजवळचे ते सतारमेकर. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींचं काम गेलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणीचं, हात शिकलगाराचा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, बीनही वाजवत. असा माणूस अशा गावात रुजला यात नवल नाही.

1872 सालीच, त्यांच्या तीन महिने आधी, कुरुंदवाडला विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. ते मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँनीही गाण्याची शाळा काढली, 1913 साली पुण्यात. नाव काय, तर आर्य संगीत विद्यालय. मुसलमान उस्तादाच्या शाळेचं नाव 'आर्य' हे वाचून मी पहिल्यांदा थबकलो होतो. काहींना यात शरणागती दिसेल, काहींना उदारपणा. मला तो व्यवहार वाटतो. पुण्यातल्या पांढरपेशा घरातल्या मुलांनी यावं, त्यांच्या आईबापांनी पाठवावं, यासाठी दारावर काय लिहावं हे त्यांना कळत होतं. आज सवाई गंधर्व महोत्सव भरवणाऱ्या संस्थेचं नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ आहे. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, हे खाँसाहेबांचे पट्टशिष्य. तो शब्द अजून तिकिटावर छापला जातो.

त्याच सुमाराची एक गोष्ट मला फार आवडते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, बावीस श्रुतींच्या मागे लागले होते. सप्तकात सूर बारा की बावीस, आणि बावीस असतील तर प्रत्येकाची जागा किती कंपनांवर, हा त्यांचा प्रश्न. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले. श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. पण पेटीला जागा सांगणार कोण? ती अब्दुल करीम खाँच्या गळ्यानं सांगितली. 1916 साली बडोद्याला भातखंडे यांच्या पुढाकारानं पहिली संगीत परिषद भरली तेव्हा हे श्रुतीचं प्रकरण तिथे मांडलं गेलं, खाँसाहेब गायले, आणि भातखंड्यांना काही ते पटलं नाही. ग्रंथ एक सांगतो, पेटी दुसरं, गळा तिसरं. कोण बरोबर हे ठरवायची माझी लायकी नाही. पण फार न शिकलेल्या एका माणसाचा गळा मोजपट्टी म्हणून वापरला गेला आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर नावं मात्र देवल आणि क्लेमंट्स यांची आली, एवढं नोंदवून ठेवतो.

1922 मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या. यात दोष कुणाचा यावर शिष्य एक लिहितात, संशोधक दुसरं. पण घरात गाणं शिकणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आईला काय सोसावं लागलं असेल हे उस्तादाच्या भक्तीपोटी झाकू नये. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर, सकीनाची सरस्वती राणे. वडिलांचं आडनाव गेलं, आईच्या गावाचं आलं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी रसिकांना हिराबाई कुणाच्या कन्या हे ठाऊक नसतं. माझ्या ओळखीतल्या मुसलमानांना तर हिराबाईच ठाऊक नसतात. मी ज्याला विसरणं म्हणतो ते असं दोन्ही बाजूंनी चालतं. एका बाजूला गाणं उरतं आणि माणसाचं नाव पुसट होतं. दुसऱ्या बाजूला नाव आपलं म्हणून अभिमान असतो, पण गाणं ऐकायचं नसतं.

गाणं ऐकायचं नाही, यावर थोडं. आमच्यात संगीताच्या हलाल-हरामचा वाद फार जुना आहे आणि तो व्हॉट्सॲपवर संपणार नाही. गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात हजरत निजामुद्दीन औलियांना समाबद्दल जाब द्यावा लागला होता, उलेमांची सभाच भरली होती. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही एकमत नव्हतं. अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते औलिया होते, तू नाहीस." उत्तर बिनतोड आहे. मी एवढंच म्हणतो की न ऐकणं हा दीनचा भाग असेल तर असो, माहीतच नसणं हा दीनचा भाग नाही.

गुरुजींच्या कॅसेटवर जे होतं ते 1934 च्या सुमाराला ओडियन कंपनीनं केलेलं ध्वनिमुद्रण. खाँसाहेब तेव्हा साठी ओलांडलेले. झिंझोटीतली ठुमरी, भैरवी, बसंत, शुद्ध कल्याण. सावकाश, सुराला सूर चिकटवत जाणारं, कुठेही झटका नाही. लोक 'किराण्याची गायकी' म्हणतात ती हीच. लहानग्या भीमसेन जोशींनी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडलं, ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. एखाद्याचं आयुष्य बदलायला तीन मिनिटं पुरली. मला इतकं पटकन जमलं नाही. मला दोनेक वर्षं लागली. गाडी चालवताना, रात्री झोप येत नसताना तेच तेच तुकडे ऐकत गेलो आणि कधीतरी खरखर ऐकू येईनाशी झाली. ती तबकडीवर होती तशीच आहे, कानानं तिला बाजूला सारायला शिकून घेतलं.

त्या संचात आणखी एक चमत्कार होता. 'मानापमान'मधली पदं. कैरान्याचा उस्ताद, खाडिलकरांचं मराठी नाटक, आणि उच्चार किंचित परके पण प्रेमानं घेतलेले. आणखी त्यागराजांची कर्नाटकी कृतीही आहे, खरहरप्रियातली. म्हैसूरला जाऊन-येऊन त्यांनी तिकडची सरगम उचलली आणि ख्यालात आणली.

मग पुढची पायरी. हे सगळं त्यांच्याकडे आलं कुठून? वाचताना एक नाव सारखं यायचं, रहिमत खाँ. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव. अफूच्या नादानं हा माणूस बनारसला रस्त्यावर आला होता. विष्णुपंत छत्र्यांना तो सापडला. हे तेच सर्कसवाले छत्रे. घोड्यांची विद्या आणि गाणं दोन्ही ग्वाल्हेरला शिकलेले, हद्दू खाँ त्यांचे उस्ताद. गुरुपुत्राला त्यांनी उचलून आणलं आणि सर्कशीबरोबर सांभाळलं. वाघ, घोडे, कसरतवाले आणि एक गवई. छत्रे कुटुंबानं त्यांना शेवटपर्यंत कुरुंदवाडला ठेवलं. 1922 मध्ये ते तिथेच वारले. मिरजेपासून कुरुंदवाड काही फार लांब नाही. आयुष्याच्या अखेरीस रहिमत खाँच्या मोजक्या तबकड्या निघाल्या, कर्ण्याच्या काळातल्या. त्या ऐकल्या आणि मला एकदम घरातला आवाज ओळखल्यासारखं झालं. तीच आर्तता, सुरावर तसंच रेंगाळणं. अब्दुल करीम खाँनी हे गाणं तन्मयतेनं ऐकलं होतं.

आणि शेवटी, 2016-17 च्या आसपास, संग्राहकांनी इंटरनेटवर चढवलेल्या जुन्या तबकड्यांमध्ये मला अब्दुल करीम खाँचीच 1905 च्या सुमाराची ध्वनिमुद्रणं मिळाली. ओडियनच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची. मी डोळे मिटून तो ओळखीचा सावकाश सूर यायची वाट पाहत बसलो. आला भलताच माणूस. तिशीतला, जोरकस, घाईत असल्यासारखा, तानांवर ताना फेकणारा. मधल्या तीस वर्षांत या माणसानं आपलं गाणं जवळजवळ नव्यानं उभारलं होतं. ज्याला आपण घराण्याची पुरातन चाल समजतो ती कैरान्याहून बांधून आणलेली नव्हती. घरची सारंगी आणि बीन त्यात होतीच, पण ग्वाल्हेरचे रहिमत खाँ, म्हैसूरची सरगम, नाट्यपदं, मिरजेचा तंबोरा, दर्ग्यातली हजेरी, हे सगळं घालून ती इथे, कृष्णेच्या काठाला, एका माणसाच्या हयातीत तयार झाली. नाव उत्तरेचं राहिलं.

ऑक्टोबर 1937 मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, अरविंदबाबूंच्या आश्रमात गायला. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर वळकटी पसरली, तंबोरा जुळवून घेतला, दरबारीत अल्लाचं नाव घेत गेले, असं शिष्य सांगतात. तारीख 27. मिरजेला आणून त्यांना मीरासाहेबांच्या आवारात दफन केलं. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी त्यांचं मोठं चरित्र लिहिलं, तेही मराठीत.

ती 1905 ची ध्वनिमुद्रणं मिळाली त्या वर्षी उरुसाला मी मुद्दाम थांबलो. आधी दर्ग्यात फातेहा दिली, दादीच्या नावानं आणि खाँसाहेबांच्याही. मग गुरुजींच्या घरी गेलो. आता ते पार थकले होते, ऐकू कमी यायचं. फुफीनं दिलेला डबा पुढे ठेवला आणि म्हणालो, "गुरुजी, तुम्हाला एक ऐकवायचंय. खाँसाहेबांचंच आहे, तिशीतलं." मोबाइलवर लावलं. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि हात हलवला.

"हे खाँसाहेब नव्हेत."

"आहेत गुरुजी. 1905 ची तबकडी आहे."

"अरे, मी चाळीस वर्षं ऐकतोय त्यांना. मला सांगतोस? कुणीतरी चुकीचं नाव टाकलंय."

मी वाद घातला नाही. त्यांना तारखा सांगितल्या, कर्ण्याचं सांगितलं, वेगाचं सांगितलं. त्यांनी नुसतं 'हं' केलं. आतून काकूंनी चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर गुरुजींनी कप खाली ठेवला, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि मोबाइल माझ्या हातातून घेतला.

"परत लाव बघू," म्हणाले आणि तो कानाला लावून बसले.